घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप न्यूट्रल होतोय, गिअरबॉक्स खोलायच्या आधी काय काय तपासू?

घाटउतार
मंडळी नमस्कार. गाडी डिझेल पिकअप आहे, मागच्या चाकांवर चालणारी, पाच गिअरची, लिव्हर थेट बॉक्सवर बसलेली, मधे केबल वगैरे काही नाही. आमचा माल ओतूरहून माळशेज उतरून कल्याणच्या मार्केटला जातो, टोमॅटोचा सीझन असला की रात्रीच निघावं लागतं. तर घाटात तिसऱ्यात गाडी उतरवत असताना रेस सोडली की लिव्हर खाडकन उडते आणि गाडी न्यूट्रल. चढताना कधी नाही, सपाटीला रेस धरून असलो तरी नाही. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स सगळे नीट. तिसरा टाकताना जड जात नाही की करकरत नाही.

एका गॅरेजवाल्याने क्लच प्लेट बदलायला लावली, काही फरक नाही. दुसरा म्हणतो स्प्रिंग गेलीय, जास्त कडक टाकून देतो, तासाभराचं काम. तिसरा म्हणतो अख्खा बॉक्सच बदला, कुर्ल्याहून जुना आणून देतो. पण तिघांपैकी एकानेही गाडी उतारावर नेऊन बघितली नाही. पैसे घालायला माझी ना नाही, पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय नाही घालायचे. गाडीवर माझा धाकटा भाऊ असतो म्हणून जीवाला घोर लागलाय.

सह्यकडा
निदान होईल ते होईल, तोपर्यंत भावाला आधी हे सांगा. उतारावर गिअर सुटला तर किल्ली अजिबात बंद करायची नाही. न्यूट्रलमधे इंजिन चालूच असतं, त्यामुळे ब्रेकचा व्हॅक्यूम चालू राहतो. इंजिन बंद केलं की ब्रेक हलका करणारा बूस्टर एक-दोन दाबांत संपला, मग ब्रेक दगडासारखा लागतो, स्टिअरिंग पण जड होतं. आधी ब्रेकने स्पीड आटोक्यात आणा, मग क्लच दाबून हलकी रेस देऊन तिसरा परत टाका. लगेच दुसऱ्यात कोंबायचा प्रयत्न नको, वेग जास्त असला तर पडत नाही आणि त्या झटापटीत गाडी आणखी पळते. आणि शक्यतो भरलेली गाडी तोवर घाटात नेऊच नका, भाड्याची लावा.

टपरीवरचा_चहा
गिअर ऑइल जाड टाकून बघा. आमच्या इकडे एकाची अशीच ९० नंबरच्या जागी १४० टाकून बंद झाली होती.

यंत्रवेडी
(चिंचवडला गिअरबॉक्स डिझाइनमधे काम करते, म्हणून जरा लांबण लावते.)

जाड तेलाने आवाज दबतो, गिअर सुटणं थांबत नाही. उलट गार असताना गिअर पडायला जड होतील. आणि दुकानदाराने जीएल-५ दिलं तर ते पण बघून घ्या, बऱ्याच बॉक्समधे पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना चाक आणि शाफ्टचा वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात आणि त्यांना कंपनीने जीएल-४ सांगितलेलं असतं, जीएल-५ मधल्या जास्तीच्या गंधक-फॉस्फरसने पितळ खराब होऊ शकतं. तेल मॅन्युअलमधे आहे तेच.

आता मूळ मुद्दा. लोकांना वाटतं गिअर टाकला म्हणजे आतली चाकं सरकून एकमेकांत अडकतात. हल्लीच्या बॉक्समधे पुढे जायच्या गिअरांची चाकं कायमच एकमेकांत अडकलेली फिरत असतात. आपण सरकवतो ती स्लीव्ह. तिच्या आतल्या बाजूला दाते असतात, ते गिअरच्या बाजूच्या बारीक दात्यांवर, म्हणजे डॉग टीथवर, जाऊन बसतात आणि ते चाक शाफ्टला जोडलं जातं. या दात्यांच्या बगला सरळ नसतात, जेमतेम काही अंशांनी उलट्या तासलेल्या असतात, म्हणजे टोकाला रुंद आणि मुळाशी अरुंद. त्यामुळे लोड आला की स्लीव्ह बाहेर ढकलली न जाता आतच ओढली जाते. गिअर जागेवर राहतो तो मुख्यतः या उलट्या टेपरमुळे. स्प्रिंग आणि गोळी फक्त स्लीव्हची जागा धरून ठेवतात, चालत्या गाडीचा लोड पेलायचं काम त्यांचं नाही.

दाते झिजून गोल झाले की हाच हिशोब उलटा होतो, लोड आला की स्लीव्ह बाहेर फेकली जाते. आणि दात्याला दोन बगला असतात, रेस दिली की एक बगल लोड घेते, रेस सोडली की दुसरी. तुमचा गिअर फक्त रेस सोडल्यावर सुटतोय म्हणजे संशय त्या दुसऱ्या बगलेवर. शिवाय चाकांचे मोठे दाते तिरके असल्याने लोड बदलला की चाक शाफ्टवर थोडं मागे-पुढे सरकतं, मर्यादेत असेल तर चालतं, पण थ्रस्ट वॉशर किंवा बेअरिंग झिजून तो प्ले वाढला की चाकच स्लीव्हपासून लांब पळतं आणि दाते टोकावरच अडकतात. दोन्ही शक्यता धरून चला.

क्लच प्लेटचा याच्याशी थेट संबंध नाही. क्लच पूर्ण सुटत नसेल तर गिअर पडताना करकरतो आणि काही वर्षांनी त्यानेच दाते गोल होतात, एवढाच काय तो.

जुनापाना
एसटीच्या दापोडी वर्कशॉपला होतो, आता रिटायर. यंत्रवेडी ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी फक्त हाताने काय तपासायचं ते सांगतो.

घाटउतार, तुम्ही अर्धं निदान स्वतःच लिहिलंय. तिसरा आणि चौथा एकाच स्लीव्हवर, एकाच फोर्कवर (स्लीव्ह सरकवणारा काटा), एकाच रेलवर (फोर्क बसलेली दांडी) असतात. स्लीव्ह मागे गेली की तिसरा, पुढे गेली की चौथा. या रेलला गोळी-स्प्रिंग एकच, खाचा तीन, तिसऱ्याची, न्यूट्रलची आणि चौथ्याची. मग स्प्रिंगच गेली असती तर चौथा पण कधीतरी सुटला असता की नाही? तो सुटत नाही म्हणजे एकट्या स्प्रिंगवर खापर फोडू नका. सगळेच गिअर सुटत असते तर मी म्हटलं असतं फाउंडेशन रबर (इंजिन-बॉक्स ज्यावर बसतात ती रबरं), बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या कव्हरचे) बोल्ट, लिव्हरचा बुश बघा. फक्त चौथा सुटत असता तर टॉप शाफ्टचं, म्हणजे इंजिनकडून येणाऱ्या पुढच्या शाफ्टचं, बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग आधी बघायला सांगितलं असतं, कारण या बनावटीत चौथा म्हणजे डायरेक्ट, पुढचा शाफ्ट आणि मेन शाफ्ट सरळ जोडले जातात, ते जरा वाकडेतिकडे फिरले की स्लीव्ह हळूहळू सरकत बाहेर येते. फक्त तिसरा, तोही रेस सोडल्यावर, म्हणजे तिसऱ्याचे दाते, स्लीव्हची ती बाजू, फोर्क नाहीतर तिसऱ्या चाकाचा प्ले.

तरी बॉक्स उतरवायच्या आधी बाहेरचं सगळं तपासून मोकळे व्हा, कारण ते फुकट असतं.

लिव्हरचं खालचं रबरी बूट काढा आणि तिसरा टाका. लिव्हर पत्र्याला, मॅटला नाहीतर कन्सोलला कुठे टेकतेय का? टेकत असेल तर गिअर पूर्ण पडतच नाही, अर्ध्यावर राहतो. लोक जाड मॅट टाकतात आणि बॉक्स खोलून बसतात. लिव्हरच्या तळाशी नायलॉनचा बुश असतो, तो फुटला असेल तरी पोच कमी पडते.

मग फाउंडेशन. एकाला बॉनेट उघडून बाजूला उभं करा, समोर नाही. हँडब्रेक ओढून, फूटब्रेक दाबून, पहिल्यात क्लच अगदी थोडा सोडा, नंतर रिव्हर्समधे तसंच. इंजिन भसकन उचललं जात असेल तर रबर तुटलंय. बॉक्सखालचं मागचं रबर टॉर्च लावून बघा, वरून चांगलं दिसतं आणि मधून चिरलेलं असतं.

मग सपाट मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात तीस-चाळीसच्या स्पीडला लिव्हरला हात न लावता रेस द्या, सोडा, द्या, सोडा, आणि शेजारच्याला लिव्हरकडे बघायला सांगा. लिव्हर दर वेळी मागेपुढे डुलत असेल तर बॉक्सच हलतोय नाहीतर आत प्ले आहे. अजिबात न हलता एकदम उडत असेल तर दाते. एवढं करून सांगा.

रानमळा
काका, लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवली की फोर्क झिजतो म्हणतात ते खरं का? आमचे सगळेच ड्रायव्हर तसेच चालवतात.

जुनापाना
खरं आहे. फोर्क स्लीव्हच्या खोबणीत बसलेला असतो, स्लीव्ह फिरते, फोर्क फिरत नाही. दोघांत थोडी फट असते म्हणून नुसतं गिअरात असताना फोर्कला फारसं घासायला होत नाही. हाताचं वजन लिव्हरवर टेकलं की फोर्क त्या खोबणीच्या भिंतीला सतत दाबला जातो आणि त्याची टोकं झिजतात. टोकं झिजली की लिव्हर पूर्ण गेल्यासारखी वाटते पण स्लीव्ह तितकी पुढे गेलेली नसते. बऱ्याच मॅन्युअलमधे या फटीची मर्यादा १ मिमीच्या आसपास असते, आपल्या गाडीची आपल्या पुस्तकात बघायची.

आणि सुटणारा गिअर हाताने दाबून धरून महिनोन् महिने गाडी चालवतात लोक. दाते तर गेलेलेच असतात, वरून फोर्क पण जातो.

घाटउतार
काका, ताई, मनापासून धन्यवाद. सांगितलं तसं सगळं केलं. लिव्हर कुठेही टेकत नाही, बुश शाबूत आहे. फाउंडेशनची तिन्ही रबरं ठीक, इंजिन थोडंसं हलतं तेवढंच. रस्त्यावरच्या टेस्टमधे लिव्हर अजिबात डुलली नाही, चार-पाच वेळा काहीच झालं नाही आणि मग रेस सोडल्या सोडल्या एकदम उडाली. शेजारी बसलेला पोरगा दचकला.

ऑइल पण काढलं. ऑइल काढायच्या मॅग्नेटवाल्या नटावर करडा लगदा होता, आणि त्यात तीन-चार चमचमते कण, नखाने दाबले तर टोचणारे. सोनेरी काही दिसलं नाही.

यंत्रवेडी
करडा लगदा नॉर्मल, तो प्रत्येक जुन्या बॉक्समधे सापडतो. टोचणारे कण म्हणजे स्टीलचे कंगोरे तुटतायत, दात्यांची टोकं असू शकतात. सोनेरी भुकटी नाही म्हणजे सिंक्रो रिंगा अजून बऱ्या असाव्यात आणि ते तुमच्या लक्षणाशी जुळतंय, कारण सिंक्रो गेला की गिअर टाकताना करकरतो, टाकल्यानंतर सुटत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि गॅरेजमधे सर्रास एकच समजली जातात.

टपरीवरचा_चहा
पण मग कडक स्प्रिंगने काम होत असेल तर एवढा खर्च कशाला? शेतकरी माणूस आहे, सीझन चालू आहे.

जुनापाना
सीझन चालू आहे म्हणूनच नको. मोडक्या कडीच्या दाराला पाठ लावून उभं राहण्यासारखं आहे ते. कडक स्प्रिंग टाकली, किंवा जुनीच्या खाली वॉशर घातला, की लिव्हर जड होते, थोडे दिवस गिअर धरतो, पण प्रत्येक वेळी रेस सोडली की स्लीव्ह बाहेर यायला बघते आणि स्प्रिंग तिला अडवते. तो सगळा जोर फोर्कवर येतो. मग एक दिवस भरल्या गाडीत उतारावर सुटतो, आणि माणूस गाफील असतो कारण त्याला वाटतं काम झालंय. मला भीती त्या गाफीलपणाची आहे.

तरी घाटउतार, स्प्रिंगचा संशय पुरता मिटवायला एक करा. तुमच्या बॉक्सला बाहेरून प्लग असतील तर एकेक खोलून तिन्ही रेलच्या स्प्रिंगा काढा आणि स्वच्छ फरशीवर शेजारी शेजारी उभ्या करा. बसलेली स्प्रिंग बुटकी दिसते, डोळ्यालाच कळतं, व्हर्नियर असला तर उत्तम. कुठली कुठल्या भोकातली ते कागदावर लिहून ठेवा, काही बॉक्समधे रिव्हर्सची मुद्दाम वेगळी असते. गोळ्या चुंबकाच्या काडीने काढा. आणि रेलच्या मधल्या इंटरलॉकच्या पिनांना हात लावायचा नाही, त्या गहाळ झाल्या तर दोन गिअर एकदम पडून बॉक्स जाम होतो.

घाटउतार
प्लग बाहेरून आहेत. तिन्ही स्प्रिंगा सारख्याच उंचीच्या निघाल्या. गोळ्या पण गुळगुळीत, खड्डा वगैरे नाही. म्हणजे आता खोलायचाच ना?

जुनापाना
खोलायचाच. पण तुमच्यासमोर. बॉक्स खाली आला की मिस्त्रीला सांगा, काहीही बाहेर काढायच्या आधी हे करू दे. तिसऱ्या चाकाला हाताने शाफ्टवर मागेपुढे ढकलून बाजूच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. सगळं सुटं झाल्यावर ते माप मिळत नाही, आणि प्ले होता की नव्हता यावर पुढे नुसतेच वाद होतात. हब (स्लीव्ह ज्यावर सरकते तो शाफ्टवरचा भाग) आणि स्लीव्हवर काढायच्या आधी मार्करने एक रेघ मारायची, ती जोडी जशी होती तशीच परत बसली पाहिजे. सर्क्लिप (शाफ्टवर भाग अडकवून ठेवणाऱ्या कड्या) सगळ्या नव्या. दाते बघायचे ते डिझेलने धुवून, कापडाने पुसून, उन्हात. तेलकट असताना सगळंच चांगलं दिसतं.

सह्यकडा
ही शेवटची ओळ प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहायला हवी. पुढे काय झालं ते नक्की लिहा, अर्धवट सोडलेले धागे फार आहेत.

घाटउतार
लिहितो, जरा सविस्तरच.

आमच्या इथला एक जुना मिस्त्री तयार झाला, काकांची सगळी यादी त्याला वाचून दाखवली, त्यानेही मनावर घेतलं. तिसऱ्या चाकाचा प्ले मॅन्युअलच्या मर्यादेत निघाला. मेन शाफ्टचं बेअरिंग हाताने फिरवलं तर किंचित खरखर, पण ढिलं नाही.

मग तिसऱ्याचं चाक धुवून बाहेर आणलं. आधी काहीच कळेना, मला सगळे दाते सारखेच वाटले. मिस्त्रीने चौथ्याचा तुकडा शेजारी धरला तेव्हा कळलं. चौथ्याच्या दात्याचं टोक छपरासारखं दोन्हीकडे उतरतं, मधे धारदार कणा, आणि बगलेवर नख वरून खाली ओढलं तर ते आत घसरत जातं, म्हणजे ताई म्हणाल्या तो उलटा टेपर नखाला लागतो. तिसऱ्याच्या दात्याला कणाच राहिलेला नाही. एका बगलेवर टेपर आहे आणि दुसऱ्या बगलेवर नख बाहेर घसरतं, ती बाजू आरशासारखी चकचकीत घासलेली. जवळजवळ सगळ्या दात्यांची तीच एक बाजू. दोन दात्यांचे तर टवके गेलेत, नटावरचे कण तिथलेच असणार. स्लीव्ह आतून बोट फिरवून बघितली, तिसऱ्याकडची कड गोल, चौथ्याकडची बोटाला टोचते. फोर्कचं एक टोक दुसऱ्यापेक्षा उघड पातळ.

मिस्त्री म्हणाला नुसतं चाक बदलू, स्लीव्ह चालून जाईल. मी हो म्हणणारच होतो, पण म्हटलं आधी इथे विचारू.

यंत्रवेडी
प्लीज नको! झिजलेल्या स्लीव्हवर नवं चाक लावलं तर नव्या दात्यांना पूर्ण पृष्ठभाग मिळत नाही, लोड कडेवर येतो आणि नवं चाक पण लवकर गोल होतं. चाक, हब-स्लीव्हचा सेट, तिसऱ्याची सिंक्रो रिंग आणि फोर्क, हे चार एकत्रच बदला. चौथ्याचे दाते चांगले असतील तर राहू द्या. मेन शाफ्टचं बेअरिंग खरखरतंय म्हणताय तर तेही आत्ताच टाका, त्याच्यासाठी परत बॉक्स उतरवायची मजुरी बेअरिंगपेक्षा जास्त जाईल.

बाकी फोटो नसतानाही तुम्ही जे वर्णन केलंय ते ट्रेनिंगला वापरावं इतकं नेमकं आहे.

रानमळा
पण फक्त तिसराच का झिजला असेल? गाडी तर सगळ्याच गिअरात चालते.

जुनापाना
घाटाची गाडी आहे ती. भरून उतरते तेव्हा अख्ख्या उतारभर तिसऱ्यातच इंजिनचा ब्रेक लागलेला असतो, म्हणजे ती एकच बगल सतत लोड घेते. त्यात पिकअपवाल्यांची घाईत चौथ्यातून तिसऱ्यात ओढायची सवय, क्लच अर्धा दाबलेला, इंजिनचे फेरे जुळलेले नाहीत, टोकावर टोक आपटतं. भावाला सांगा, खाली टाकताना क्लच तळापर्यंत, किंचित रेस देऊन मग तिसरा. आमच्या जुन्या गाड्यांना सिंक्रो नव्हते, डबल क्लच मारल्याशिवाय, म्हणजे मधे न्यूट्रलला क्लच सोडून परत दाबल्याशिवाय, गिअरच पडायचा नाही, त्यामुळे हाताला ती शिस्त होती. आता सिंक्रो सांभाळून घेतो म्हणून लोक बेफिकीर असतात.

कुर्ल्याच्या जुन्या बॉक्सबद्दल पण सांगतो. वाईटच असतो असं नाही, पण तो कुठल्या गाडीतून आला हे कोणी सांगू शकत नाही, आणि तोही घाटातल्या पिकअपमधूनच उतरलेला असू शकतो. घ्यायचाच झाला तर वरचं कव्हर काढून दाते बघून घ्यावा.

घाटउतार
चारही पार्ट आणि बेअरिंग नवीन टाकलं, सील पण बदलले, मॅन्युअलचंच ऑइल. आधी रिकामी नेऊन माळशेज उतरलो, तिसऱ्यात, मुद्दाम रेस देत-सोडत. एकदाही सुटला नाही. मग निम्मा माल भरून, मग पूर्ण. मिस्त्रीने सांगितलंय की थोडं चालवून ऑइल एकदा काढून मॅग्नेट बघू, ते करणार आहे. काका, ताई, तुमचे उपकार आहेत, भाऊ पण वाचतोय हा धागा.

बांद्याचा
चांगला धागा, म्हणून इथेच विचारतो. माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी, केबलवाली. पणजीला रोज ये-जा. पाचवा सुटतो, हायवेला खड्डा आला की. रेस धरलेली असली तरी. मला पण पूर्ण बॉक्स उतरवायला लागेल का?

यंत्रवेडी
तुमचं वेगळं आहे, खड्ड्यात सुटतोय आणि रेस असतानाही, म्हणजे आधी बाहेरचंच बघा. केबलची बॉक्सकडची टोकं काढा आणि बॉक्सवरचा हात स्वतः हलवून पाचव्यात टाका, क्लच दाबून, इंजिन बंद. हाताला स्पष्ट खटका लागला आणि त्यानंतर केबलचं टोक परत बसवताना ते थोडं आखूड किंवा लांब पडतंय असं दिसलं, तर अॅडजस्टमेंट चुकलीय, गिअर पूर्ण जातच नाहीये. केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे बुश, आणि फाउंडेशनपैकी खालचा टॉर्क रॉड, यांच्याकडे खास बघा, खड्ड्यात इंजिन डुललं की केबल ओढली जाते.

जुनापाना
आणि यातून काहीच निघालं नाही तरी घाबरू नका. बऱ्याच पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पाचवा बॉक्सच्या टोकाला वेगळ्या झाकणाखाली असतो. डावं चाक काढून, खालून जॅकचा आधार देऊन, ते झाकण उघडलं की पाचव्याची स्लीव्ह, फोर्क आणि शाफ्टचा नट समोर दिसतो. तो नट ढिला झाला तरी पाचवाच सुटतो. बॉक्स गाडीतच राहतो. तुमच्या मॉडेलला तसं झाकण आहे का ते आधी बघा आणि केबलची टेस्ट करून इथे लिहा, मग पुढचं सांगतो.